लाईट, माडाची झावळी आणि एआय

आमच्या दापोलीकडे पावसात लाईट जाणं काय नवीन नाही, एक झावळी ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेवर पडली की झालं, मग लाईनमन बिचारा रेनकोट घालून रानातनं कुठला इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू न देणारा तुकडा) फुटलाय ते बघत फिरतो. २०२० च्या निसर्ग वादळात तर पोलच्या पोल आडवे झालेले. मला एआयचा खरा उपयोग इथे दिसतो, चॅटबॉटमध्ये नाही. सॅटेलाईट फोटोवरून कुठली झाडं तारेला टेकायला आलीत ते आधीच हेरायचं, आणि फॉल्ट झालाच तर करंट-व्होल्टेजच्या रेकॉर्डवरून तो साधारण कुठल्या टप्प्यात असेल ते सांगायचं, अर्धी पायपीट तिथेच वाचते.

दुसरं म्हणजे अंदाज. ग्रिडला, म्हणजे विजेच्या सगळ्या जाळ्याला, ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी सांभाळायची तर मागणी नि निर्मिती क्षणोक्षणी जुळायला लागते. ढग आला की सोलर बसतं, तेव्हा कोयनेचं पाणी पटकन कामाला येतं, पण किती लागेल हे आधी कळलं तर बरं ना! गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने २०१९ मध्येच सांगितलेलं, त्यांचं मॉडेल पवनचक्क्यांची वीज ३६ तास आधी वर्तवतं म्हणून. अर्थात डेटाच नसेल तर मॉडेल काय कपाळ सांगणार, आमच्या वाडीतल्या ट्रान्सफॉर्मरवर आधी धड मीटर तरी लावा.