रीडिंगमध्ये माझा एक 'तू' हरवला

परवा एका मैत्रिणीने विचारलं की वेगवेगळ्या भाषांतल्या, संस्कृतींतल्या नाटककारांना एकत्र बसवून नाटकावर काम करून घेतात ते डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, त्याचा खरंच काही उपयोग होतो का, आणि मी उत्तर टाईप करायला बसले तर मेसेज इतका लांबला की म्हटलं इथेच लिहावं.

मी अशा एका वर्कशॉपला होते. आम्ही आठ जण, मिळून सहा मातृभाषा, प्रत्येकाचं नाटक इंग्रजी भाषांतरात टेबलावर, आणि नट स्क्रिप्ट हातात घेऊन ते वाचून दाखवणार, म्हणजे रीडिंग. माझ्या नाटकात एक मुलगी आहे, ती बापाला कायम 'तुम्ही' म्हणते आणि एका वाक्यात, फक्त एकाच वाक्यात, 'तू' म्हणते. मराठीत ते वाक्य आलं की ऐकणारा चमकतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. नटांनी अगदी मनापासून वाचलं हो, पण सीन सपाट गेला, खोलीत कोणालाच कळलं नाही की आत्ता इथे काहीतरी तुटलं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. मी लगेच समजवायला लागले की आमच्याकडे असं असतं, त्याचा अर्थ असा होतो, तर सेशन घेणाऱ्या बाईंनी हातानेच थांबवलं, म्हणाल्या, आत्ता तू बोलू नकोस, त्यांना विचारू दे.

तिथे फीडबॅकसाठी लिझ लर्मन या अमेरिकन कोरिओग्राफरची पद्धत वापरत होते, तिने १९९० च्या सुमारास बसवलेली. चार टप्पे असतात. आधी बघणारे सांगतात की त्यांच्या मनात काय राहिलं, मग लेखक स्वतःचे प्रश्न विचारतो, मग बाकीचे लेखकाला प्रश्न विचारतात पण त्या प्रश्नात मत लपवायचं नाही, आणि मत द्यायचंच असेल तर ते सगळ्यात शेवटी, लेखकाने हो म्हटलं तरच. हा तिसरा टप्पा भयंकर अवघड आहे. 'हा सीन एवढा लांब का आहे?' हा प्रश्न नाहीच, ती तक्रार आहे. 'या सीनला किती वेळ लागावा असं तुझ्या मनात होतं?' हा प्रश्न. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण पहिल्याने लेखक बचाव करायला लागतो आणि दुसऱ्याने विचार करायला.

तर एकाने विचारलं, ती हे वाक्य बोलते तेव्हा बाप काय करत असतो? तो स्पॅनिशमध्ये लिहिणारा, त्याच्या भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही'चा भेद आहे त्यामुळे त्याला नेमकं कुठे दुखतंय ते कळलं असणार. मी स्क्रिप्ट बघितली. बाप काहीच करत नव्हता! सगळं काम तो एक शब्द करत होता म्हणून मी त्या माणसाकडे बघितलंच नव्हतं कधी. रात्री बसून सीन परत लिहिला, बाप बाहेर जायच्या गडबडीत शर्टाची बटणं लावतोय, ती बोलते आणि त्याचा हात तिसऱ्या बटणावर थांबतो, उरलेली बटणं तो लावतच नाही, तसाच निघून जातो. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा टेबलाभोवती एकदम शांत झालं सगळं.

याच्या उलट सल्लाही मिळाला होता बरं का, की मुलीच्या तोंडी एक वाक्य टाक, 'मी तुम्हाला आधी कधी असं म्हटलं नव्हतं'. चांगल्या मनाने दिलेला सल्ला होता, पण कुठली मुलगी असं बोलेल? आपल्या संस्कृतीबाहेरच्या खोलीत बसलं की हा धोका कायम असतो, पात्रं एकमेकांशी बोलायची सोडून प्रेक्षकांना माहिती द्यायला लागतात.

म्हणूनच मला मारिया इरेने फोर्नेस यांचं काम फार मोठं वाटतं. मूळच्या क्युबाच्या, स्वतः नाटककार, आणि १९८१ पासून न्यूयॉर्कच्या इन्टार थिएटरमध्ये लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या घरांतल्या, नाटककारांसाठी त्यांनी लेखनाची लॅब चालवली. तिथे आधी व्यायाम, मग डोळे मिटून एखादं दृश्य बघायचं, कधी चित्र काढायचं, आणि मग सगळ्यांनी एकाच खोलीत बसून लिहायचं. कोणालाही काही समजावून सांगायची गरजच नाही. त्या लॅबमधल्या निलो क्रूझला २००३ मध्ये नाटकाचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं मोठं बक्षीस, मिळालं, ते मिळवणारा तो पहिला लॅटिनो नाटककार.

आणि दुसरं उदाहरण ऑगस्ट विल्सन, अमेरिकेतला कृष्णवर्णीय नाटककार. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ओनील सेंटरच्या नाटककार कॉन्फरन्सने, जिथे नव्या नाटकांवर असंच काम होतं, आधी त्याची स्क्रिप्ट परत पाठवली होती, मग १९८२ मध्ये एक घेतली, तिथे लॉइड रिचर्ड्स हा कृष्णवर्णीय दिग्दर्शक प्रमुख होता, त्यानेच पुढे १९८४ मध्ये ते नाटक ब्रॉडवेवर केलं आणि नंतरही विल्सनची बरीच नाटकं केली. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की ज्याने वाचून घेतलं तोच माणूस पुढे नाटक उभं करायलाही सोबत होता.

कारण माझी खरी तळमळ तिथेच आहे. माझ्या त्याच नाटकाचं नंतर आणखी दोन ठिकाणी रीडिंग झालं, प्रत्येक ठिकाणी कौतुक, टाळ्या, नवा ड्राफ्ट, आणि प्रयोग एकही नाही. नटांच्या हातातली स्क्रिप्ट कधी सुटलीच नाही, बटण लावायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात ना! ओळखीच्या कितीतरी लेखकांचं असंच झालंय, वेगळ्या पार्श्वभूमीचा लेखक 'डेव्हलप' करायला सगळ्यांना आवडतो, पण तारीख आणि थिएटर द्यायची वेळ आली की गाडी अडते.

तर मैत्रिणीला मी लिहिलंय की फॉर्म भर, नक्की भर, पण आधी त्यांना तीन गोष्टी विचार. तुझी भाषा येणारं निदान एक माणूस खोलीत असणार का, भाषांतरकाराला रीडिंगला बोलावणार का आणि त्याचे पैसे देणार का, आणि रीडिंग झाल्यावर पुढे काय. तिने कालच मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय दोघी.