डावा हात रिकामा

संध्याकाळपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. ताई आतून म्हणाली, "अगं, हे काय वाजवतेयस? किती छान वाटतंय." आणि मी काहीच वाजवत नव्हते. तारा मिळवत होते. डावा हात नुसता गिटारच्या मानेवर टेकलेला. उजव्या अंगठ्याने सहाही तारा वरून खाली एकदा छेडल्या, एवढंच.

ती काम सोडून दारात येऊन उभी राहिली. "परत कर ना तसंच." मी परत केलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

छान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं याच घरात वाजवतेय. एफचा बार (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायची कॉर्ड) स्वच्छ यावा म्हणून बोट दुखून दुखून बधिर होईपर्यंत बसले आहे. त्यातलं काही ऐकायला ताई कधी दारात आली नव्हती. आली ती, मी कुठेच बोट ठेवलेलं नसताना.

ओपन डी लावत होते, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डीची कॉर्ड वाजेल असं. बरेच दिवस मनात होतं, पण चार तारा उतरवायच्या म्हणजे परत चढवायच्याही, म्हणून टाळत होते. सहावी ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. पाचवी आणि चौथी जागच्या जागी. म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत सा प सा ग प सा. तीन षड्ज, दोन पंचम आणि मधोमध एकुलता एक गंधार. कुठेही न दाबता अख्खी डी मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, वाजते.

लावायला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. दोन पडद्यांइतकी उतरवली की तारेचा ताण जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. चार तारांचा ताण गेला की मान किंचित सरळ होते आणि ज्या तारांना हातही लावलेला नाही त्या चढतात. मग त्या खाली आणा, पुन्हा पहिल्यापासून सगळ्या तपासा. सहाव्या तारेचा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट लावून काढलेला वरचा सूर) आणि मोकळी चौथी तार एक झाली तेव्हा छातीवर टेकलेली लाकडी पाठ थरथरली. ते मात्र आवडलं.

खरी गंमत तिसऱ्या तारेची. ट्यूनरवर एफ शार्पचा काटा बरोब्बर मध्यावर आला, हिरवा दिवा लागला, आणि कॉर्ड छेडली तर आत काहीतरी लाटांसारखं हलत होतं. चौथ्या तारेतून निघणारा पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा बारीक सूर) आणि तिसऱ्या तारेतला चौथा, हे दोन जवळजवळ एक असतात पण एक नसतात. सेकंदाला साधारण सहा वेळा एकमेकांना धक्के देतात. खुंटी अगदी केसभर उतरवली. लाटा मंदावल्या. आणखी केसभर. थांबल्या. ट्यूनर म्हणत होता चौदा सेंट कमी (सेंट म्हणजे लगतच्या दोन पडद्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग), म्हणजे त्याच्या हिशेबात चूक. कान म्हणत होता, आत्ता लागला. तानपुरा नीट जुळला की कोणी न छेडता त्यातून गंधार ऐकू येऊ लागतो, तोच हा. स्वयंभू. ताईने ऐकलं ते नेमकं त्या क्षणानंतरचं.

म्हणजे तिला आवडलं ते तारांचं आपापसातलं होतं. मी फक्त बाजूला झाले होते.

हेच सलतंय. पुन्हा पुन्हा तिथेच येतेय. सगळं नीट लावून दिलं की गिटार माझ्याशिवायच जास्त सुंदर वाजते, मग मी इतकी वर्षं तिच्यावर काय करत होते? सर असते तर त्यांना विचारलं असतं. जाऊ दे.

ताई गेल्यावर नेहमीचं काहीतरी वाजवून बघितलं. हात आपोआप जी कॉर्डच्या जागेवर गेला आणि भलतंच काहीतरी वाजलं. सी, तेच. ए मायनर, तेच. बोटांना जागा पाठ आहेत, सूर पाठ नाहीत, हे इतकं उघडं कधी पडलं नव्हतं. मला वाटायचं मी गाणी वाजवते. मी आकार वाजवत होते. खाली मोकळे सूर बदलले आणि माझं सगळं येणं एका तासात गेलं. रडू आलं, खरं सांगायचं तर. आणि बाबांची गिटार मांडीवर असताना रडू आलं की ते निव्वळ गिटारचं राहत नाही. असो.

मग जीला नवीन जागा शोधली. पाचव्या आणि दुसऱ्या तारेवर दुसरा पडदा, तिसरीवर पहिला, बाकी मोकळ्या. हाताला किती सोपं! पण तिसऱ्या तारेवरचा तो जी उतरलेला लागला. उतरणारच. मोकळ्या गंधारासाठी चौदा सेंट खाली घेतलेली तार, दाबली तरी तेवढीच खाली. पाचव्या पडद्यावर आडवं बोट टाकलं तर सगळ्या तारा एकदम वर सरकतात आणि जी निर्मळ येतो, कारण आपापसातलं नातं तसंच राहतं. एकेका बोटाने काही करायला गेलं की मात्र बिघडतं. मला ते वैयक्तिक वाटलं, अगदी. अख्खी कॉर्ड उचलून नेलीस तर ठीक. मध्ये तुझं काही घालू नकोस.

कॅनडाची गायिका-गिटारवादक जोनी मिचेल हिची आठवण झाली. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला, नेहमीच्या कॉर्ड धरणं जड जायचं. म्हणून तिने तारा लावण्याच्या स्वतःच्या कितीतरी पद्धती काढल्या. हाताला जे झेपत नव्हतं ते तिने खुंट्यांकडे सोपवलं आणि त्यातून तिचं वेगळंच संगीत झालं. माझा हात धडधाकट आहे. तरीही मी तिथे जाऊ शकते का? हा प्रश्न मी चुकीच्या बाजूने विचारतेय असं वाटत राहिलं, पण बरोबर बाजू कुठली ते सापडेना.

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा घेऊन बसले. डोक्यात एकच होतं, या ट्यूनिंगमध्ये दुःख कुठून आणायचं? तिसरी मोकळी तारच शुद्ध गंधार असेल तर दुःखाचा सूर, कोमल गंधार, त्या तारेवर मिळणार नाही. मोकळ्या तारेच्या खाली बोट जाऊ शकत नाही. मग तीच तार आणखी एका पडद्याइतकी उतरवली, एफवर. आता मोकळ्या तारा डी मायनर, म्हणजे कोमल गंधाराची कॉर्ड. आणि त्याच तारेवर पहिल्या पडद्यावर एक बोट टेकवलं की डी मेजर.

एकच बोट. ठेवलं, उजाडलं. उचललं, अंधारलं. कितीतरी वेळ तेवढंच करत बसले.

हे काही माझं संशोधन नाही. मिसिसिपीतल्या बेंटोनियाचा ब्लूज गायक-गिटारवादक स्किप जेम्स अशीच मायनरमध्ये लावलेली गिटार घेऊन 1931 मध्ये रेकॉर्डिंगला गेला होता. त्याच्या वाजवण्यातला तो थंडगार, हाडात शिरणारा विषाद कुठून येतो हे आज बोटाला कळलं. ऐकून कधी कळलं नव्हतं.

तार लावताना पुन्हा तोच पेच होता. मोकळा कोमल गंधार नैसर्गिक लावला तर पहिल्या पडद्यावरचा शुद्ध गंधार फार चढतो. शेवटी उलटं केलं. बोट ठेवल्यावर गंधार लाटा थांबून नेमका मिळेल, अशी तार लावली. मग मोकळी असताना ती जरा जास्तच खाली राहते, अतिकोमलाकडे झुकलेली, दरबारी रागातला गंधार आठवावा इतकी. ट्यूनरला दाखवलं असतं तर दोन्हींना नापास केलं असतं. मला दोन्ही हवे होते.

आणि एक गोष्ट लक्षात आली. तार सैल असल्यामुळे बोटाच्या दाबाने सूर हलतो. घट्ट दाबला की गंधार किंचित चढतो आणि ती थरथर परत येते. दाब जरा सोडला की थांबते. पडदा तिथे असला तरी शेवटची दोन-चार सेंट माझ्या बोटात आहेत. दर वेळी ऐकून ठरवावी लागतात. मघाचा मोकळा गंधार खुंटीने एकदा लावून दिला की झालं. हा तसा नाही. हा मला दर वेळी लावावा लागतो.

म्हणजे बाजूला व्हायचं होतं ते सगळ्यातूनच नव्हे. बाकीच्या बोटांची कामं सोडायची होती आणि एकाचं नीट करायचं होतं. अजून थोडं वाईट वाटतंय, त्या एफच्या बारचं वगैरे. तो आता पुष्कळ दिवस लागणार नाही. राहू दे. शिकताना जे काही बोटांत आलं, त्यामुळेच हा दाब कळतोय, असं स्वतःला सांगतेय आणि बरंचसं पटतंयही.

सहावी तार मात्र फार लोंबते. जोरात छेडली की पडद्यांवर आपटून खडखडते. एक तर जाड तार घालावी लागेल, नाहीतर अंगठा हलका करावा लागेल. आधी अंगठा बघते.

रविवारी सगळे जमले की ते नेहमीचं गाणं वाजव म्हणतील. ते आता हातात नाही, आणि त्यासाठी तारा परत चढवणार नाहीये. ताईला सांगून ठेवलंय, तू तेवढी माझ्या बाजूने बोल. ती म्हणाली, "आधी मला ते मघाचं एकदा ऐकव, बोट ठेवतेस ते."