साठीतला ब्रश आणि बोटभर मावळा

बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचा नाद असलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमसारखं गाव सापडणार नाही. अशा मूर्ती बनवणारी सिटाडेल मिनिएचर्स १९७९ मध्ये इथून जवळच, न्यूअर्कला सुरू झाली. या मूर्तींनी खेळायचे युद्धखेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथे लेंटनला आहे. तिथे घडलेल्या मूर्तिकारांनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या. पेरी या जुळ्या भावांची पेरी मिनिएचर्स त्यातलीच. हे सगळं बसच्या अंतरावर असूनही मधली बरीच वर्षं माझे ब्रश डब्यात बंद होते. नोकरी, मुलांच्या शाळा, आईचं आजारपण, साताऱ्याच्या फेऱ्या. आता निवृत्त झालोय आणि सकाळ माझी आहे.

मी थांबलो तेव्हा मूर्ती शिसं मिसळलेल्या धातूच्या असत आणि रंग हंब्रोलच्या इवल्या डब्यांतले. घरभर टर्पेंटाइनचा वास. आता कडक प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीत जोडलेले येतात. ते कापायचे, तासायचे, चिकटवायचे. ॲक्रिलिक रंग बाटलीतून थेंबाथेंबाने निघतात आणि ब्रश नळाखाली धुतला की झालं. थर मिनिटांत वाळतो, त्यामुळे एका बैठकीत काम दिसायला लागतं. या वयात हे फार मोठं सुख आहे.

डोळ्यांचं काय, हे सगळेच विचारतात. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं. त्यातून कुणाची सुटका नाही. अठ्ठावीस मिलिमीटरच्या मूर्तीचा डोळा एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यावर उपाय म्हणजे डोक्याला पट्ट्याने बसणारं भिंग आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या उजेडाचे दिवे. भिंग जितकं जोरदार, तितकी मूर्ती नाकाजवळ धरावी लागते, म्हणून बेताचंच घ्यावं. मूर्ती जुन्या बुचावर चिकटवायची, कोपरं टेबलावर टेकवायची आणि दोन्ही मनगटं एकमेकांना लावून ठेवायची. हाताचा कंप मग ब्रशच्या टोकापर्यंत पोचत नाही.

सध्या मी प्रतापगडाचा देखावा करतोय. १० नोव्हेंबर १६५९, गडाच्या पायथ्याची भेट. मला हवे तसे मावळे तयार मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी सैनिकाचं डोकं तासून त्यावर पागोटं चढवतो. त्यासाठी ग्रीन स्टफ नावाची लुकण असते. निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते आणि काही तासांत घट्ट बसते. तिची दोऱ्याएवढी वळी करायची, ओल्या सुईने डोक्याभोवती तिरकी गुंडाळायची आणि कडा दाबत जायचं. सुई कोरडी राहिली की लुकण तिलाच चिकटून वर येते.

खरी गंमत चेहऱ्यात आहे. इथल्या बहुतेक पुस्तिकांतली कातडी गोरी-गुलाबी. आपल्या माणसाचा रंग त्या पद्धतीने येत नाही. मी गडद तपकिरीपासून सुरू करतो आणि गालाचं हाड, नाकाचा शेंडा, कपाळ इथे गेरू-पिवळा मिसळत उजळत नेतो. पांढरा मिसळला की चेहरा राखेने माखल्यासारखा दिसतो. अंगरख्याचंही तसंच. पांढरं कापड पांढऱ्याने सुरू करायचं नाही. खाली मळकट करडा द्यायचा आणि शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या माथ्यावर. एवढ्या लहान मूर्तीवर खोलीतल्या उजेडाची सावली पुरेशी पडतच नाही, ती आपण रंगानेच द्यावी लागते.

वाघनखांवर बरेच दिवस अडून बसलो होतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा पुतण्याकडून फोटो मागवले. ती महाराजांचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे; मला त्यांची घडण बघायची होती. माझ्या मापात ती जेमतेम दीड मिलिमीटर होतात, म्हणजे मुठीत दिसणारच नाहीत. म्हणून वाघनखं केलीच नाहीत, महाराजांचा डावा हात मनगटातून वळवला. जाणकाराला तेवढं पुरतं.

दिवाळीच्या किल्ल्यांसाठी आपल्या कुंभारवाड्यात मातीची चित्रं रंगवतात, तिथे बसून मी लहानपणी तासन् तास बघत असे. आधी सगळ्यांची तोंडं, मग सगळ्यांचे फेटे, मग सगळ्यांच्या तलवारी. एक रंग काढला की ओळभर फिरवायचा. इथे मोठी पलटण रंगवणारेसुद्धा अगदी असंच करतात. कुंभारवाड्यातली ती मंडळी भिंग नसताना एका फटकाऱ्यात मिशी काढत. तो हात मला अजून साधलेला नाही आणि तोच मला हवाय. साताऱ्यात ज्यांच्याकडे तो अजून आहे, त्यांच्याकडून मुलांनी शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बाजारात साच्यातून निघालेले रंगीत मावळे स्वस्तात मिळतात, पण स्वतः रंगवलेला मावळा पोरं वर्षभर जपतात.

यंदा दिवाळीला साताऱ्यात, शाहूपुरीत आहे. आळीतल्या पोरांसोबत किल्ला करायचा ठरलंय, आणि माझ्या वर्गातल्या, आता आजोबा झालेल्या मित्रांनाही बोलावलंय. रंग आणि भिंगं मी आणतो. अस्तराच्या रंगाचे स्प्रे विमानात नेऊ देत नाहीत, ते तिथेच घेऊ. जवळच्या कामाचा चष्मा मात्र आधीच करून ठेवा, आणि नंबर काढताना डॉक्टरांना सांगा की वस्तू वीतभर अंतरावर धरायची आहे. वाचायच्या चष्म्याने हे काम होत नाही.