पाळीची तारीख आणि साखरेचा रिपोर्ट

कुडाळ परिसरातील ज्या लहानशा लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेण्याचे काम करते, तेथील फॉर्मवर नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले, एवढेच विचारलेले असते. शेवटची पाळी केव्हा आली, हा प्रश्न फक्त गरोदर स्त्रियांच्या वाट्याला येतो. साखर तपासायला आलेल्या बाईला तो विचारला, तर ती आधी दाराकडे पाहते आणि मग आवाज खाली आणून उत्तर देते. माझे मत असे झाले आहे की, स्त्रीच्या रक्तातील साखरेचा आकडा तिची पाळी, तिची बाळंतपणे आणि पाळी जाण्याचा काळ बाजूला ठेवून वाचला, तर तो अर्धाच वाचला जातो. मी डॉक्टर नाही आणि निदान करणे माझे काम नव्हे. परंतु राखाडी बुचाच्या नळीत रक्त भरत असताना बायका जे सहज बोलून जातात, ते तपासणीच्या खोलीत पुष्कळदा बोललेच जात नाही.

‘ताई, चाय तेवढी घेतलंय, खावक काय्येक नाय,’ हे तर रोजचेच. दूध-साखरेचा चहा घेतल्यावर उपाशीपोटीची तपासणी होत नाही. त्यासाठी किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही घेतलेले चालत नाही. हे समजावून सांगण्यात माझी सकाळ जाते, आणि पाळीच्या तारखेचा विषय तसाच राहून जातो.

महिन्याच्या चक्रात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीच्या हार्मोन्सची पातळी चढत-उतरत असते. रक्तातील साखर पेशींत पोचवते ते इन्सुलिन, आणि इस्ट्रोजेन साधारणपणे त्याच्या बाजूने असते. पाळी येण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत मात्र प्रोजेस्टेरॉनचा जोर असतो आणि त्या काळात काही स्त्रियांच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीइतकी दाद देत नाहीत. निरोगी स्त्रीला हा फरक जाणवतही नाही, कारण तिचे स्वादुपिंड थोडे अधिक इन्सुलिन सोडून वेळ निभावून नेते. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः ज्या इन्सुलिन घेतात, त्यांच्यापैकी काहींची साखर त्या दिवसांत वर जाते आणि पाळी सुरू झाल्यावर खाली येते. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही, म्हणूनच प्रत्येकीने स्वतःची नोंद ठेवली पाहिजे. कोकणात घरोघरी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या तारखेला बारीक खूण केलेली असते, आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर त्याचे आकडे दुसऱ्याच कुठल्या तरी वहीत असतात. हे दोन्ही एका पानावर आले, तर इन्सुलिनची मात्रा कोणत्या दिवसांत बदलावी याचा विचार डॉक्टरांना करता येतो. तो बदल आपल्या मनाने करू नये, हे सांगायलाच हवे.

चतुर्थीपूर्वीचे दिवस आमच्याकडे वेगळे असतात. मखर, माटोळी, मुंबईहून येणारी माणसे आणि नैवेद्याची धांदल यांत पाळी अडचणीची वाटते, आणि ती पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून वाणसामान आणावे तशा आणल्या जातात. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे हार्मोनच. मधुमेह असलेल्या स्त्रीने त्या घेतल्यास साखरेवर लक्ष ठेवावे लागते, आणि जिच्या पायांत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तिने त्या घेऊ नयेत. धार्मिक भावनेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण जावेने दिलेली गोळी म्हणजे औषध नव्हे, अशी जी समजूत आहे ती मला धोक्याची वाटते. त्यातच त्या दिवसांत मोदक, खीर आणि रात्रीची जागरणे असतात, आणि नंतर वाढलेल्या साखरेचे सारे खापर मोदकांवर फुटते.

आता तरुण मुलींविषयी. आई मुलीला घेऊन येते ती बहुधा पाळी अनियमित आहे म्हणून, आणि दंड बांधताना माझी नजर मुलीच्या मानेकडे जाते. मानेच्या मागे, काखेत, कधी कोपरावर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसतो. तो मळ आहे असे समजून बेसन आणि लिंबू लावून मान घासली जाते, त्वचा लाल होते आणि पट्टा तसाच राहतो, कारण तो बाहेरून आलेलाच नसतो. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिल्याची ती बाहेर उमटलेली खूण असू शकते. ज्याला आपण सर्रास पीसीओडी म्हणतो त्या विकाराचे वर्णन स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी 1935 मध्ये केले, तेव्हा भर अंडाशयातील गाठींवर होता. इन्सुलिनशी असलेले नाते पुष्कळ नंतर उलगडले. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडते; ते जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवायला लावते, आणि यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिनही कमी करते. मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरमे थांबत नाहीत. मुलीच्या लग्नाच्या काळजीने केसांवर आणि मुरमांवर उपाय होतात, साखर मात्र कोणी तपासत नाही. उपाशीपोटी 100 ते 125 मिलिग्रॅम हा आकडा मधुमेहाच्या उंबरठ्याचा असतो. पण या मुलींत उपाशीपोटीची साखर ठीक दिसून ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी ती वाढलेली आढळू शकते, म्हणून ती तपासणी अधिक उपयोगाची ठरते. आणि सडपातळ मुलीला हे होत नाही, असेही नाही.

गरोदरपणात हेच नाते अगदी उघड होते. वार, म्हणजे प्लॅसेंटा, बाळाच्या वाढीसाठी जी हार्मोन्स तयार करते, ती आईच्या पेशींना इन्सुलिनपासून मुद्दाम दूर ठेवतात, म्हणजे साखर बाळाकडे जावी. आईचे स्वादुपिंड त्या मानाने कमी पडले की गरोदरपणातील मधुमेह होतो. आपल्या सरकारी सूचनांनुसार पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा अधिक आले तर निदान ठरते. या तपासणीसाठी उपाशी येण्याची गरज नसते, ही खेड्यातून दोन एसट्या बदलून येणाऱ्या पोटुशीसाठी मोठीच सोय आहे.

खरी गळती होते ती बाळंतपणानंतर. वार पडली की ती हार्मोन्स जातात, साखर उतरते, आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करायची असते. पण तोवर बाळंतीण माहेरी असते, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सुरू असतात, पुढे ती नवऱ्याकडे मुंबईला जाते आणि फाईल गावातच राहते. ज्या स्त्रियांना हा मधुमेह होऊन गेला, त्यांना पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सातपट किंवा त्याहूनही अधिक असल्याचे मोठ्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तरीही चाळिशीत साखर तपासायला आलेल्या बाईला ‘गरोदरपणात साखर वाढली होती का?’ असे विचारल्यावर ती म्हणते, ‘तेव्हा होती, मग गेली.’

पाळी जाण्याचा काळ भारतीय स्त्रियांत साधारणपणे 46-47 च्या आसपास येतो. इस्ट्रोजेन उतरते, चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, आणि पोटातली चरबी इन्सुलिनला अडवते. वजनाचा काटा हललेला नसतानाही परकराची नाडी आखूड पडू लागते, तेव्हा कंबर मोजावी. आपल्याकडील स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटरची मर्यादा सांगितली जाते. रात्री घाम येऊन झोपमोड होते आणि अपुरी झोप साखर आणखी वाढवते. खाण्याच्या बाबतीत भात सोडा असा सल्ला आमच्या बायकांना मिळतो आणि तो दोन दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा भाताचा डोंगर कमी करून कुळथाची पिठी, बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या) आणि पालेभाजी वाढवणे मला जास्त व्यवहार्य वाटते. पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा तांदूळ साखर बहुधा हळू वाढवतो, पण तोही मोजूनच. उपासाचा साबुदाणा मात्र निव्वळ पिष्ट आहे.

किनारपट्टीवर मासे खाणाऱ्यांना मधुमेह होत नाही, असे अजूनही ऐकू येते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले.

शेवटी जांभळ्या बुचाच्या नळीविषयी, कारण तिच्यावर सध्या फारच भिस्त ठेवली जाते. एचबीए1सी ही तपासणी रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगते, 5.7 ते 6.4 टक्के हा उंबरठा आणि 6.5 पासून पुढे मधुमेह. परंतु ती साखर हिमोग्लोबिनला चिकटलेली मोजते, आणि देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले आहे. लोहाच्या कमतरतेत हा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून येत असेल, तर कमी दिसू शकतो. पाळी जाण्यापूर्वीच्या वर्षांत ज्यांना अंगावरून खूप जाते, त्यांच्या बाबतीत दोन्ही शक्यता संभवतात. अशा वेळी हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर सोबत असल्याशिवाय एकट्या एचबीए1सीवर गोळी सुरू किंवा बंद करू नये, असे मला वाटते, आणि हे डॉक्टरांना विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. मी स्वतः हल्ली फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पाळीची तारीख, गेल्या तीन महिन्यांतील रक्तस्राव आणि सुरू असलेल्या हार्मोनच्या गोळ्या लिहून पाठवते. काही डॉक्टर ते वाचतात.