मागुरी बीलवरचं मँडरिन डक

आसामातून एक फोटो आला आणि आमच्या सगळ्या बर्डिंग ग्रुपांवर नुसता धुमाकूळ. गोष्ट फेब्रुवारी 2021 ची, पण अजूनही कुठे चार बर्डर जमले आणि बदकांचा विषय निघाला की कोणीतरी ती काढतंच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढूया. तिनसुकिया जिल्ह्यात मागुरी-मोटापुंग नावाचं बील आहे, बील म्हणजे नदीच्या पुराच्या पाण्यावर जगणारं मोठं पाणथळ तळं, तिथे 8 फेब्रुवारीला एका स्थानिक बर्ड गाइडला मँडरिन डकचा नर दिसला. मँडरिन! जो पक्षी आपण फोटोत बघायचा, नाहीतर परदेशातल्या एखाद्या बागेतल्या तळ्यावर, तो इथे, आपल्या देशात, मोकळ्या पाण्यावर.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. लालचुटुक चोच, डोळ्यावरून मागे मानेपर्यंत गेलेला रुंद पांढरा पट्टा, गालावर नारिंगी झालर, जांभळी छाती आणि तिच्या कडेला उभ्या पांढऱ्या रेघा, आणि पाठीवर होडीच्या शिडांसारखी उभी दोन नारिंगी पिसं. आकाराने आपल्या हळदी-कुंकू बदकापेक्षा बराच लहान. माझ्या मावशीला पक्ष्यांचं काही वेड नाही, तिने फोटो बघून विचारलं, "हे कोणी रंगवलंय का गं?" नाही मावशी, खरं आहे, असाच असतो तो. त्या आठवड्यात पेपरवाले, टीव्हीवाले सगळे "118 वर्षांनी दिसला" म्हणून तेच दाखवत होते आणि ज्यांनी आयुष्यात दुर्बीण हातात घेतली नाही असे लोक मला फोटो फॉरवर्ड करत होते, आणि मला प्रत्येक वेळी तितकाच आनंद होत होता.

आता हे इतकं मोठं का? मँडरिन जगात दुर्मिळ नाही. रशियाचा पूर्व भाग, कोरिया, जपान, ईशान्य चीन इकडे ते झाडांच्या ढोलीत अंडी घालतात, थंडीत त्यातले बरेच दक्षिण चीनकडे उतरतात, धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत त्यांचं नाव नाही. पण भारत त्यांच्या नेहमीच्या वाटेवर नाहीच. खाली उतरताना एखादं पाखरू वाऱ्याने भरकटतं, दुसऱ्या जातीच्या थव्यात मिसळून त्यांच्या मागे जातं, किंवा पहिल्याच हिवाळ्यातलं पोर दिशा चुकतं आणि भलतीकडेच पोचतं, अशा पाहुण्याला व्हेग्रंट म्हणतात. आणि नकाशा उघडून बघा, वरचा आसाम चीनच्या किती जवळ आहे ते, म्हणूनच आपल्याकडे महाराष्ट्रात ज्यांचं नुसतं नाव ऐकायचं अशी पूर्वेकडची बदकं, फाल्केटेड डक, बेअर्स पोचार्ड, यांच्या नोंदी त्या भागात आहेत. मँडरिन त्याच दारातून आला, फक्त हा अजून लांबचा.

अशा वेळी पहिला प्रश्न नेहमी हाच, की बाबा हा पाळलेला सुटून आलेला तर नाही ना. कारण मँडरिन जगभर लोक पाळतात, आणि सुटलेल्यांची पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली वस्ती इंग्लंडमध्ये चांगली मोठी आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या तळ्यावर असाच एक नर आला होता, अख्खं शहर त्याच्या मागे वेडं झालं होतं, पण त्याच्या पायात रिंग होती, म्हणजे कुणाकडून तरी सुटलेला. लोकांनी प्रेम तेवढंच केलं (आणि बरोबर केलं) पण रानटी पक्ष्याची नोंद म्हणून त्याला अर्थ नाही. तिनसुकियाचं तसं नव्हतं, आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामापासून थोडा पश्चिमेला सरकलेला रानातला पक्षी, हे पटायला काहीच जड नव्हतं.

मी आणि माझी बर्डिंगची मैत्रीण, आम्ही ठरवायला वेळ घेतलाच नाही. पुण्याहून कोलकाता, तिथून डिब्रुगड, पुढे गाडीने तिनसुकिया, कोव्हिडमुळे तोंडाला पूर्णवेळ मास्क. सकाळी बीलवर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं, आणि काठाला लांबट अरुंद लाकडी होड्या लागलेल्या. नावाडी दादा मागे उभा राहून बांबूने होडी ढकलतो, इंजिन नाही, त्यामुळे आवाज फक्त पाण्याचा आणि पक्ष्यांचा. गडवाल, तलवार बदकं, चक्रवाक, सगळी मंडळी होती, एरवी एकेका थव्यापाशी आम्ही अर्धा तास थांबलो असतो.

दादा एकदम थांबला आणि बांबू चिखलात रोवून हळूच म्हणाला, "बाईदेऊ (म्हणजे ताई), उधर, घास के पीछे, सो रहा है।" मला काहीही दिसेना. वाळकं पिवळं गवत, मधे थोडा अंधार, बस. एवढा भडक रंगीत पक्षी, आणि मान पाठीत खुपसून बसला तर तो नारिंगी रंग त्या वाळक्या गवतात असा जिरून जातो की समोर असून कळत नाही, हे फोटोतून कधीच लक्षात येत नाही हां. मग त्याने मान वर काढली. पांढरा पट्टा आधी दिसला, नंतर लाल चोच, मग तो सरकत सरकत उघड्या पाण्यात आला, डोकं पाण्यात बुडवलं आणि जोरात झटकलं, तेव्हा डोक्यावरचा तुरा सगळा फुलला आणि पाठीवरची ती दोन पिसं थरथरली. मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला होता की काय सांगू. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला पक्षी, तर झालाच, पण त्यापेक्षा काहीतरी जास्त होतं ते.

परतताना दादाने एका बाजूला हात केला, तिकडे बागजान. हे नाव आठवत असेल. 27 मे 2020 ला तिथल्या 5 नंबरच्या तेलविहिरीचा ब्लोआउट झाला, गॅस आणि तेल नुसतं उसळत राहिलं, 9 जूनला तिने पेट घेतला, आग विझवायला गेलेल्यातले दोन जवान गेले, आणि ती विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. हे सगळं बीलपासून हाकेच्या अंतरावर. पाण्यावर तेलाचा तवंग, काठाचं गवत होरपळलेलं, मेलेले मासे, एक मेलेला डॉल्फिनसुद्धा मिळाला होता. दादा सांगत होता की कितीतरी दिवस माशाला तेलाचा वास यायचा, कोणी घेईना, आणि टुरिस्ट तर नाहीतच, एक कोव्हिड आणि वर हे. त्या लोकांचं पोटच या पाण्यावर आहे, मासे नाहीतर बर्डर. आणि विहीर बंद होऊन तीन महिने होतायत न होतायत तोवर तिथे हा पक्षी उतरला. म्हणून बील बरं झालं असं कोणी समजू नये, एका भरकटलेल्या बदकावरून पाण्याची तब्येत कळत नसते, हे मी तेव्हाही ग्रुपवर तावातावाने लिहिलं होतं. पण त्या बदकामुळे देशभरातल्या लोकांनी मागुरी हे नाव परत एकदा घेतलं आणि त्या होड्या परत पाण्यात गेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता त्या 118 वर्षांबद्दल बोलते, कारण तो आकडा सगळ्या बातम्यांत होता. 1902 साली त्याच भागात, रंगागोऱ्याजवळ दिब्रू नदीवर मँडरिनची नोंद आहे, म्हणून 118 वर्षांनी दिसला असं सगळीकडे छापून आलं. त्या जागेपुरतं खरं. पण मधल्या काळात 2013 ला मणिपूरच्या लोकताक सरोवरावर आणि 2014 ला आसामातल्याच मानस अभयारण्यातल्या एका बीलवर तो दिसल्याच्या नोंदी आहेतच की. आणि मला तर वाटतं की मधल्या एवढ्या वर्षांत तो तिनसुकियातही आला असणार, फक्त तेव्हा तिथे दुर्बीण घेऊन कोणी नव्हतं, ज्यांनी बघितला असेल त्या कोळ्याला वहीत लिहून ठेवायचं काय कारण? रेकॉर्ड नाही म्हणजे पक्षी नव्हता असं नसतं ना. आज तिथे गावातली पोरं गाइड झालीत, रोज पाण्यावर असतात, थव्यातलं एक वेगळं डोकं लांबून ओळखतात, फोटो निघतो, संध्याकाळी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, चढतो. ही नोंद त्यांच्या नजरेची आहे, आणि कौतुक करायचं तर आधी त्यांचं करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

शिवाय नर होता म्हणून लक्षात आला. मँडरिनची मादी राखाडी-तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं, मागे बारीक पांढरी रेघ, पोटाकडच्या बाजूला फिकट ठिपके. ती एखाद्या थव्यात झोपून राहिली असती तर आमच्यासारखे किती जण नुसती नजर टाकून पुढे गेले असते! आता मी भिगवणला गेले की तपकिरी माद्यांवर स्कोप लावून बसते, मैत्रीण ओरडते, चल ना पुढे, पण मी हलत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. आम्ही होतो तेव्हाच काही जणांनी एक होडी पार त्याच्या अंगावर नेली, फ्लाइट शॉट, म्हणजे उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून. पक्षी उडाला, लांब जाऊन बसला. हजारो मैलांवरून दमून आलेला जीव आहे, खाऊ दे, झोपू दे त्याला, लांबून बघा की. सुदैवाने तिथले नावाडी स्वतःच कडक आहेत, आमचा दादा तर सरळ ओरडलाच त्यांना.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च जा, पाणी आणि बदकं दोन्ही तेव्हाच. तिनसुकियाहून गुइजान घाट जवळ आहे, तिथे राहायची सोय होते, सकाळी लवकर निघा आणि होडी व गाइड स्थानिकच घ्या, पैशाची घासाघीस करू नका. मँडरिन दिसेल असं समजून जाऊ नका पण, काठाच्या गवतात मार्श बॅबलर आणि स्वॅम्प फ्रँकोलिन हे पक्षी आहेत, आणि तेही आपल्याकडे कुठेच दिसत नाहीत.