डायरीतली आजची नोंद

टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) २.५ मिलिग्रॅम, रात्री ८ वाजता. एवढंच लिहिलं आणि शांत बसलेय.

केमो संपली तरी तळपायांची आग जाईना, म्हणून डॉक्टरांनी कॅनबिसचं, म्हणजे गांजाचं, तेल लिहून दिलं. इथे कॅनडात रुग्णांना ते २००१ पासून कायद्यानं मिळतं. गेल्या आठवड्यात पाऊण तासात काहीच वाटेना, म्हणून मी परत तेवढंच घेतलं. मग रात्रभर छातीत धडधड, डोकं गरगर. फार घाबरले होते.

आज डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पोटातून घेतलेलं तेल लागू व्हायला कधी दोन तासही लागतात, पूर्ण जोर चढायला चार, म्हणाल्या. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू आहे, तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणीही लवकर करायला लावली. (हे मी आधीच विचारायला हवं होतं!) तेल घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही.

बाटली आता कुलपात. नातू रांगायला लागलाय. जानेवारीत पुण्याला येतेय, तेव्हा ती इथेच राहील. चिठ्ठी असली तरी देशाबाहेर नेणं गुन्हाच. तेवढ्या दिवसांचं काय, ते पुढच्या भेटीत विचारणार आहे.