सल्लागार ठेवावा का? पालद्यातल्या एका नमकीन कारखान्याचा हिशेब

विक्री महिन्याला सहा लाखांची, आणि पंधरा तारखेला सियागंजच्या घाऊक बाजारातल्या तेलवाल्याला द्यायला पैसे नाहीत. त्यात बऱ्हाणपूर आणि खंडव्याहून चिवड्याची पाकिटे ‘खवट वास येतो’ म्हणून परत आलेली. इंदूरच्या पालदा भागातला आमचा शेव-चिवड्याचा कारखाना 2023 च्या उन्हाळ्यात असा अडकला होता आणि जो तो सांगत होता, ‘एखादा कन्सल्टंट लावा.’ लावायचा की नाही हे ठरवायला आम्हाला सात आठवडे लागले. त्यातले चार निव्वळ वजन करण्यात आणि वह्या चाळण्यात गेले. त्या चार आठवड्यांनीच निर्णय केला, म्हणून आधी तेच सांगतो.

सल्लागाराला विचारायचे काय, हे एका कागदावर लिहायला बसलो तेव्हा चार वेगवेगळी दुखणी निघाली. पैसा हातात राहत नाही. माल लवकर खवट होतो. लायसन्स आणि सबसिडीचे कागद समजत नाहीत. पुण्याला माल पाठवायचा आहे, पण जीएसटीचे काय करायचे ते कळत नाही. या चारही गोष्टी नीट येतात असा एक माणूस भेटणे कठीण. तरी त्या चारही करतो म्हणणारे तीन जण भेटले.

पैशाचे दुखणे घरीच सापडले. 200 ग्रॅमची सीलबंद पाकिटे कुठलीही निवड न करता रोज तीस उचलायची, रिकाम्या पाउचचे वजन वजा करायचे आणि मालाचे वजन लिहायचे. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. पॅकिंगच्या टेबलावरचा काटा पाच-पाच ग्रॅमने सरकणारा होता, तिथेच अर्धा घोळ होता. आकडे आले 207, 211, 206, 209. सरासरी 208. पॅकिंगवाल्याला विचारले तर म्हणाला, ‘कम निकला तो दुकानदार लौटा देगा.’ त्याचे चूक नव्हते, त्याला कोणी लक्ष्य सांगितलेच नव्हते. वजनमापाच्या नियमांत 200 ग्रॅमच्या एखाद्या पाकिटाला 9 ग्रॅमपर्यंतची चूक माफ असते, पण अनेक पाकिटांची सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. म्हणजे 202 चे लक्ष्य ठेवले आणि काटा बरा असला की पुरते. महिन्याला 12,000 पाकिटे, प्रत्येकी 8 ग्रॅम जास्त, म्हणजे 96 किलो माल फुकट. कच्चा माल किलोला 130 रुपये धरला तर 12,480 रुपये. लक्ष्य 202 वर आणल्यावर त्यातले 9,360 वाचतात.

मग उधारी. खतावणीतून प्रत्येक दुकानाची बाकी आणि सर्वांत जुन्या बिलाची तारीख काढली. एकूण येणे 9 लाख 60 हजार, म्हणजे 48 दिवसांची विक्री. तेल आणि बेसनवाले आम्हाला देतात पंधरा दिवस. मधल्या 33 दिवसांचा माल आम्ही स्वतःच्या खिशातून दुकानदारांना वापरायला देत होतो. पैसा गेला कुठे, याचे उत्तर इतके साधे होते. साडेचार लाख फक्त तीन दुकानांकडे अडकले होते. त्यांना ‘मागचे बिल द्या, मग पुढचा माल’ या बोलीवर आणले. एकाने माल घेणे बंद केले, दोघे राहिले.

‘बिझनेस ग्रोथ’वाल्या सल्लागाराचा प्रस्ताव या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला. फी महिन्याला 25,000, करार बारा महिन्यांचा, आणि वचन ‘25 टक्के विक्रीवाढ’. वर्षाचे तीन लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी 54,000. आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठोक दराने कर भरायच्या जीएसटी पद्धतीत, त्यामुळे भरलेल्या या जीएसटीची वजावट (क्रेडिट) मिळत नाही. सगळे मिळून 3 लाख 54 हजार. भाडे आणि पगार विक्रीबरोबर लगेच वाढत नाहीत, म्हणून वाढीव विक्रीवर सुटणारे 20 टक्के धरले. तरी नुसती फी भरून निघायला 17 लाख 70 हजारांचा जादा माल विकावा लागतो. त्याने म्हटल्याप्रमाणे 25 टक्के वाढ पहिल्या महिन्यापासून झाली असती तर वर्षाला 18 लाख वाढले असते. म्हणजे त्याचे वचन अगदी तंतोतंत पाळले गेले तरी आमच्या हाती उरले असते सहा हजार रुपये. शिवाय दीड लाखांची मासिक वाढ 48 दिवसांच्या उधारीवर गेली की आणखी 2 लाख 40 हजार बाजारात अडकतात. ज्याची रोकड उधारीत अडकली आहे त्याला विक्री वाढवून देणे म्हणजे गळक्या टाकीत मोठा नळ सोडणे. त्याला हे विचारले. त्याने उधारीची वही पाहायला मागितली नव्हती, तेव्हाही मागितली नाही.

कागदपत्रांचे दुखणे लवकर मिटले. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन पुरतात. सारख्या नावाच्या खासगी साइट पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते पाहावे. आमच्या उत्पादनाला एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) राज्य लायसन्स तेव्हा वर्षाला 3,000 रुपयांत होते. एजंटाने एका वर्षाचे 18,000 सांगितले. एजंट घ्यायलाच हरकत नाही, नकाशा आणि मशीनची यादी करून देण्याचे दोन-तीन हजार रास्त आहेत. पण लॉगिनवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. तेव्हा एजंटाचा टाकला की नूतनीकरणाची आठवण त्याला जायची, आणि 31 मेपर्यंत भरायच्या वार्षिक विवरणाची तारीख चुकली की दिवसाला 100 रुपये दंड तुमच्या नावावर चढायचा.

सबसिडीवाल्याने कर्जाच्या 5 टक्के मागितले, त्यातले निम्मे आगाऊ. प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजना, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, तेव्हा पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख द्यायची. किमान 10 टक्के आपले, उरलेले बँकेचे कर्ज. अर्ज, प्रकल्प अहवाल आणि बँकेच्या फेऱ्यांसाठी योजनेतच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असायच्या आणि त्यांचे मानधन सरकार द्यायचे. त्यांची नावे उद्यानिकी विभागाच्या जिल्हा कार्यालयात मिळायची. आम्ही नावे घेतली, अर्ज मात्र केला नाही. नवी मशीन घ्यायची गरजच अजून सिद्ध झाली नव्हती, आणि सबसिडी मिळते म्हणून मशीन घेतलेले दोन-तीन शेड पालद्यातच कुलूपबंद दिसतात.

इंदूरच्या पोलोग्राउंडला एमएसएमईच्या (लघुउद्योगांच्या) विकास कार्यालयातही जाऊन यावे. मार्च 2023 मध्ये सुरू झालेल्या लीन योजनेत, म्हणजे कारखान्यातली नासधूस कमी करायच्या योजनेत, सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भाग तेव्हा केंद्र सरकार उचलायचे, पहिली पायरी फुकट होती. ज्याच्याकडे वीस-पंचवीस कामगार आणि मशीनची रांग आहे त्याने खासगी सल्लागाराचा विचार करण्याआधी हे पाहावे. आमच्या दोन भट्ट्यांना ते अंगरखा मोठा झाल्यासारखे होते.

जीएसटीचा प्रश्न सीएचा. कंपोझिशनमध्ये असताना दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, त्यामुळे पुण्याला पहिले खोके जाण्याआधी नियमित जीएसटीत यावे लागते. आपल्या सीएला पाउच, तेल आणि बेसनाची तीन महिन्यांची बिले द्या आणि ‘दोन्ही पद्धतींनी कर काढून दाखवा’ म्हणा. तासाभराचे काम आहे.

उरले खवटपण. ते आम्हाला स्वतःला उलगडत नव्हते. घाणे बदलून पाहिले, तेलाचा ब्रँड बदलला, फरक नाही. इथे मात्र बाहेरचा माणूस घ्यायचे ठरले. प्रश्न एका ओळीत मावत होता: ‘चिवडा सहा आठवड्यांत का खवट होतो, आणि तीन महिने टिकवायला काय बदलावे?’ तीन खाद्य तंत्रज्ञांशी बोललो. दोघांनी फोनवरच दर सांगितला. तिसऱ्या बाई म्हणाल्या, ‘आधी कढई आणि पॅकिंग चालू असताना पाहते, मग सांगते काम आहे की नाही.’ त्यांनाच घेतले. फी फेरीला 4,000, तीन फेऱ्या, प्रयोगशाळेचा खर्च वेगळा.

पत्र एका पानाचे केले. वर तीच एक ओळ. मग किती फेऱ्या आणि हातात काय मिळणार: कारागिरांसाठी हिंदीत भिंतीवर लावायचा तक्ता आणि तपासणीचे निकाल. पैसे 30, 40, 30 टक्के अशा तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा तक्ता मिळाल्यावर. मशीन, पाउच किंवा तेल विकणाऱ्याकडून त्या दलाली घेत नाहीत हे त्यांच्या सहीने. हे कलम लिहायला जो कुरकुर करतो त्याला तिथेच चहा पाजून निरोप द्यावा. मसाल्याचे प्रमाण गुप्त ठेवायचे असेल तर तयार मिश्रण ‘अ’, ‘ब’ अशा पुड्यांत द्या. खवटपणा शोधायला मसाल्याची कृती लागत नाही.

पहिल्या फेरीत बाईंनी सीलबंद होणारे पाउच हातात घेऊन गालाला लावले. कोमट होते. ते बाजूला ठेवले आणि दहा मिनिटांनी दाखवले: पारदर्शक पाउचच्या आतल्या बाजूला, वरच्या सीलखाली, बारीक धुके. गरम माल भरला की वाफ आत अडकते, थंड होताना तिचे पाणी होते आणि पोहे मऊ पडतात. हे नरमपणाचे कारण. खवटपणाचे कारण तीन ठिकाणी होते. कढईतले तेल कधी पूर्ण काढलेच जात नव्हते, रोज वरून नवे ओतले जायचे. जुन्या तेलातली बिघाडाची द्रव्ये नव्या तेलालाही लवकर नासवतात. एफएसएसएआयने जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारी बिघाडाची द्रव्ये, 25 टक्क्यांच्या वर चालणार नाहीत अशी मर्यादा घातली आहे. आमच्या कढईत शनिवारी मीटरने 23 दाखवले. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला वापरलेल्या तेलाची नोंदही ठेवावी लागते, आणि आम्ही त्या रेषेवरच आहोत. दुसरे, पारदर्शक पाउच. उजेडात तेल लवकर खवट होते, आणि तळलेल्या कढीपत्त्यातला हिरवा रंग त्याला हातभार लावतो. तिसरे, शेंगदाणे. चिवड्यात आधी दाणा खवट होतो, म्हणून शेवेची मुदत चिवड्याला लावून चालत नाही. आम्ही दोन्हींवर चार महिने छापत होतो, दुसऱ्याच्या पाकिटावर पाहून.

उपाय ओळीने आले. कढईला थर्मामीटर, 175 अंशांच्या आसपास तळायचे, 160 च्या खाली गेले की घाणा थांबवायचा. आमचा कारागीर एका घाण्यात जास्त माल सोडायचा, तेल गार पडायचे आणि शेव तेल प्यायची. माल जाळीच्या ट्रेमध्ये पसरून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच पॅकिंग. आठवड्याच्या शेवटी कढईतले तेल पूर्ण काढायचे. पाउच मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ थर असलेले, उजेड अडवणारे. छापील मेटलाइज्ड पाउचला प्रत्येक रंगाचा छपाईचा सिलिंडर करावा लागतो आणि मोठी ऑर्डर द्यावी लागते, म्हणून आधी साधे चंदेरी पाउच आणि वर लेबल. पाउचमागे 60 पैसे वाढले, महिन्याला 7,200. ते वजनातून वाचलेल्या 9,360 मधून गेले. पाउचात हवेऐवजी नायट्रोजन भरायचे मशीन त्यांनी सुचवलेच नाही. तेल, तापमान आणि पाउच सुधारल्याशिवाय नायट्रोजन म्हणजे घाणेरड्या भांड्याला झाकण, असे त्यांचे म्हणणे.

एक चूक आमची झाली. पहिला नमुना एकदाच प्रयोगशाळेत दिला आणि पेरॉक्साइडचा आकडा कमी आल्यावर खूश झालो. हा आकडा खवटपणाच्या सुरुवातीला चढतो आणि पुढे उतरतो. खूप खराब झालेल्या मालातही तो कमी दिसू शकतो. एकाच तारखेच्या मालाचे नमुने दर दोन आठवड्यांनी द्यायला हवे होते. ती फेरी पुन्हा केली, 3,200 रुपये जादा गेले. सोबतीला बारा पाकिटे शेडमधल्या माळ्यावर, बारा ऑफिसात. दर सोमवारी दोन्हीकडचे एकेक उघडायचे, दोघांनी न बोलता वास घेऊन वहीत लिहायचे.

बाईंच्या तीन फेऱ्या आणि तपासण्या मिळून 21,700 रुपये झाले. मुदत आम्ही आधी 60 दिवसांवर आणली. ऑफिसातली पाकिटे अकराव्या सोमवारपर्यंत ठीक होती, माळ्यावरच्यांना नवव्याला दाण्याचा वास आला. म्हणून चिवड्यावर अजून 60 दिवसच छापतो, शेवेवर 90. पुण्याचे खोके अजून गेलेले नाही. सीएने दोन्ही पद्धतींचा तक्ता दिला आहे, पण प्रवास आणि दुकानातले दिवस धरून 60 दिवसांचा चिवडा तिथे परवडत नाही. पहिल्यांदा फक्त शेव पाठवायची असे ठरते आहे.